धुवण

४ फेब्रुवारी

छातीच्या डॉक्टरांचे अक्षर गचाळ आहे. निदान मात्र नेटके असते. आज त्यांनी धाकट्या भावाचा नवा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर पेन्सिलीचे टोक टेकवले. तिथे पोकळी आहे. क्षयाच्या नेहमीच्या औषधांना हे जिवाणू बधत नाहीत, हे गेल्या वर्षीच ठरले होते. आता दुसऱ्या फळीच्या गोळ्यांनाही ते जुमानेनासे झाले आहेत.

"बिघडलेला भाग कापून काढू," ते म्हणाले. "डावं फुप्फुस अजून धड आहे. अंगात ताकद आहे तोवरच हे होईल. वसंत उलटला की मी हात लावणार नाही."

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. शाळा त्याने अर्ध्यात सोडली, आणि त्या दिवसापासून जगातले सगळे कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले.

"ताई म्हणेल ते," तो म्हणाला.

"जीव तुमचा आहे."

"जीव माझा, डोकं तिचं. आमच्यात पहिल्यापासून तसंच वाटप झालंय."

भावजय हसली. मी हसले नाही. या शस्त्रक्रियेत किती जण टेबलावरच जातात, असे मी विचारले. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मला पसंत पडला नाही. मी थोडा अवधी मागून घेतला.

अवधी मागण्यामागे भित्रेपणा नव्हता, हे इथे स्पष्ट लिहिते. धाकट्याच्या शरीरात जे युद्ध चालू आहे त्याचाच अभ्यास मी आयुष्यभर केला आहे. ते युद्ध तो जिंकतो आहे की हरतो आहे, हे पेन्सिलीच्या टोकापेक्षा मी अधिक अचूक सांगू शकेन.

१० फेब्रुवारी

रुग्णालयाच्या समितीची परवानगी मिळाली. धाकट्याचे रक्त आमच्या प्रयोगशाळेत आले. जोडीला निरोगी दात्यांचेही.

रविवारी त्याला सगळे समजावून सांगितले. शरीरात भक्षक पेशी असतात. त्या जिवाणू गिळतात, पण क्षयाचा जिवाणू गिळला जाऊनही पचत नाही; तो भक्षकाच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो आणि तिथेच वाढतो.

"म्हणजे चोर पोलीस चौकीतच भाड्यानं राहतोय," धाकटा म्हणाला.

उपमा ढोबळ आहे, पण चुकीची नाही. मग मी टी पेशींचे सांगितले. टी पेशी स्वतः जिवाणूला शिवत नाही. ती भक्षक पेशीला बाहेरून बिलगते, तिला रासायनिक इशारा देते, आणि तेव्हा कुठे भक्षकाच्या पोटातली भट्टी पेटते. मग जिवाणू मरतात, निदान त्यांची वाढ तरी थांबते. इशारा कच्चा पडला तर भट्टी थंडच राहते.

"कळलं. ती टी पेशी म्हणजे तू," तो म्हणाला. "येऊन दारावर थाप मारतेस आणि आतला माणूस धडपडत उठून अंथरुणाची घडी घालतो."

भावजयीने त्याच्याकडे डोळे वटारले. का, ते कळले नाही. विनोद बेताचाच होता, पण डोळे वटारण्याइतका वाईट नव्हता.

१४ फेब्रुवारी

आज प्रयोगाला हात घातला. त्याच्या रक्तातल्या भक्षक पेशी प्लेटच्या खळग्यांत तळाला चिकटवल्या, त्यांना जिवाणू खाऊ घातले, मग त्याच्याच टी पेशी वर सोडल्या. आठवड्याने खळगे धुवायचे, तळाला उरलेल्या भक्षक पेशी फोडायच्या, आणि आतले जिवाणू पोषक थरावर पसरायचे. एकेक जिवंत जिवाणू वाढून एकेक ठिपका होतो. ठिपके डोळ्यांना दिसायला तीन आठवडे जातात. ठिपके कमी, म्हणजे टी पेशींनी काम केले.

पुस्तिकेत "दोनदा धुवा" असे लिहिले आहे. मी पाचदा धुते. पेशींच्या बाहेर तरंगणारा एखादा जिवाणू आतल्यांत मोजला गेला, तर सारा हिशेबच विटाळतो. माझ्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या आकड्याकडे आजवर कुणी बोट दाखवलेले नाही, त्याचे कारण पुस्तिका नव्हे, हे पाच वेळा धुणे आहे.

मदतीला माझी संशोधक विद्यार्थिनी आहे. सगळा विभाग तिला धांदल म्हणतो. हे नाव तिला मीच दिले. मुलगी हुशार आहे, पण तिच्या पिपेटच्या टोकाला नेहमी एक थेंब लोंबत असतो.

१५ मार्च

ठिपके मोजले. निरोगी दात्यांच्या थरांवर ते अपेक्षेइतके आहेत. धाकट्याचे थर जवळजवळ कोरे आहेत.

मी दोनदा मोजले. मग धांदलीला मोजायला लावले आणि तिच्या खांद्यावरून पाहत राहिले. कोरे.

"मॅडम, एक सांगू?" ती म्हणाली. "या नमुन्याचे खळगे सूक्ष्मदर्शकाखाली विरळ दिसत होते. मध्येच टक्कल पडल्यासारखे."

"पेशी सोडताना तुझा हात हलला असेल."

"असेल, मॅडम."

हात हलला असेल हे तिनेच कबूल केले, तेव्हा त्या विषयाला फाटे फोडण्यात अर्थ नव्हता. शिवाय ज्या भक्षक पेशी उरल्या आहेत त्या लख्ख आहेत. धाकट्याच्या टी पेशी जिवाणूंना डोके वर काढू देत नाहीत. ज्याने आयुष्यात एक पुस्तक शेवटपर्यंत वाचले नाही, त्याच्या पेशी इतक्या शिस्तीच्या निघाव्यात याची मला गंमत वाटली. प्रसाधनगृहात जाऊन दार लावून घेतले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.

१७ मार्च

रविवार. ठरल्याप्रमाणे दहाच्या ठोक्याला धाकट्याकडे गेले. घर आरशासारखे होते. चादरी नुकत्याच बदललेल्या, खिडक्या उघड्या, फरशीला फिनेलचा वास. भावजय एकेकाळी विस्कटलेली बाई होती. माझ्या सांगण्याचा उशिरा का होईना परिणाम झाला. धाकटा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसला होता.

त्यांना निकाल सांगितला. शस्त्रक्रिया नको, थांबू या, असे म्हणाले. ज्याचे सैन्य जिंकते आहे त्याने स्वतःचाच किल्ला पाडू नये.

"माझ्या पेशी?" धाकटा म्हणाला. "बघ, घरात कुणीतरी कामाचं निघालं."

भावजयीने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिला काही बोलायचे होते असे वाटले, पण धाकट्याने तिला पाणी आणायला पाठवले. त्याची बडबड अलीकडे कमी झाली आहे. वाक्ये आखूड, नेमकी. आजार माणसाला उशिरा शहाणपण शिकवतो. एक मात्र खटकले: पूर्वी तो मला जिन्यापर्यंत सोडायला येत असे, आज खुर्चीतूनच हात हलवला. बायकोच्या सेवेने लाडावला आहे.

२० मार्च

छातीच्या डॉक्टरांना निर्णय कळवला. प्रयोगाचे आकडे पुढे ठेवले. त्यांनी ते सभ्यपणे पाहिले.

"मॅडम, तुमच्या काचेवर काय दिसतं ते मला समजत नाही. माझ्या काचेवर पोकळी दिसते."

"पोकळी जुनी आहे. पेशी आजच्या आहेत."

"मग मी लिहितो, नातेवाइकांनी थांबायचं ठरवलं."

"लिहा," मी म्हणाले. "वाचता येईल असं लिहा."

त्यांनी वर पाहिले नाही.

१२ एप्रिल

दुसरी खेप. तोच निकाल, किंबहुना अधिक चांगला. खळगे या वेळी स्वतः भरले, स्वतः धुतले. धाकट्याच्या थरांवर बोटांवर मोजण्याइतके ठिपके. विरळपणा या वेळीही होता, हे नोंदवायला हवे. काही पेशी मरणारच, युद्धात मरतात. उरलेल्या जिंकल्या.

धाकट्याने भावजयीच्या हातून प्रयोगशाळेसाठी एक पाटी पाठवली. निळ्यावर पांढरी अक्षरे: "कृपया शांतता. पेशी कामावर आहेत." धांदल ती पाहून इतकी हसली की तिला मास्क बदलावा लागला. पण अक्षरांची ओळ उजवीकडे उतरत गेली आहे, आणि शेवटच्या शब्दाचा रंग ओघळला आहे. ज्याच्या हाताच्या रेषेला सगळ्या रस्त्यावर तोड नव्हती, त्याने बहिणीला असे काम द्यावे? भावजयीबरोबरच पाटी परत पाठवली. नीट दुसरी करून दे म्हणावे, असा निरोप दिला.

"सांगते, ताई," ती म्हणाली. तिने पाटी पदराखाली झाकून नेली, जणू बाहेर ऊन नसून पाऊस होता.

५ मे

धाकट्याची एक्स-रेची तारीख हुकली. कामाची गर्दी आहे, असे भावजयीने फोनवर सांगितले. पाट्यांना एवढी मागणी असेल आणि तो ती पुरी करत असेल, तर प्रकृती उत्तमच म्हणायची.

९ मे

आज मी अतिशय संतापले आणि संतापायला मला पूर्ण अधिकार होता.

तिसरी खेप मी परिषदेला गेले असताना धांदलीने एकटीने धुतली होती. आज तिचे ठिपके मोजले. निरोगी दात्यांचे पूर्वीसारखेच. धाकट्याच्या थरांवर मात्र ठिपके मोजता येत नाहीत. एकमेकांत मिसळून साय धरल्यासारखा पांढरा पापुद्रा आला आहे.

"किती वेळा धुतलंस?"

"दोनदा."

"का?"

"शेवटची बस होती, मॅडम."

"आणि उरलेल्या तीन वेळा?"

ती म्हणाली, "पुस्तिकेत दोनच आहेत."

"पुस्तिका सामान्य माणसांसाठी असते. उद्या तुझ्या प्रबंधावर काय लिहू? बस मिळाली, निष्कर्ष हुकला?"

तिचे डोळे भरून आले. मी ती खेप रद्द केली.

१० मे

खेप रद्द केली, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. धुणे कमी पडले म्हणून बाहेरचे जिवाणू मोजले गेले असतील, तर सगळ्यांचेच थर बिघडायला हवे होते. निरोगी दात्यांचे ठिपके दोनदा धुतले काय नि पाचदा धुतले काय, जवळजवळ तेवढेच आहेत. बिघडले ते फक्त धाकट्याचे.

गलथानपणा माणूस पाहून पक्षपात करत नाही.

१३ मे

चौथी खेप सुरू केली. या वेळी धुताना निघालेले द्रव जंतुनाशकाच्या बरणीत ओतायचे नाही. प्रत्येक वेळचे धुवण वेगळे ठेवायचे आणि तेही थरावर पसरायचे. इतक्या वर्षांत हे मी एकदाही केले नाही. फेकायच्या वस्तूत पाहण्यासारखे काय असणार?

धांदलीने विचारले, "मॅडम, धुवण का ठेवायचं?"

"खात्रीसाठी," मी म्हणाले. कसली खात्री, ते तिने विचारले नाही. मला वाटते, तिला कळले होते.

२६ मे

रविवार. धाकटा झोपला होता. भावजय म्हणाली, रात्री उशिरापर्यंत काम करत होता, उठवू का? मी नको म्हणाले. बंद दाराबाहेर थोडा वेळ बसून परतले. आतून काही आवाज आला नाही. कुणी तोंडावर उशी दाबून धरल्यावर जसा आवाज येत नाही, तसा. हे वाक्य मी का लिहिले ते सांगता येत नाही.

११ जून

मंगळवार. आज निकाल आला.

निरोगी दात्यांच्या धुवणात तुरळक ठिपके. धाकट्याच्या धुवणात, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत, पांढरा पापुद्रा. आणि धुवून उरलेला खळगा, ज्याच्यावर मी दोन खेपा विश्वास ठेवला, तो कोरा.

अर्थ सरळ आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल असा लिहिते, कारण मला तो समजायला चार महिने लागले. धाकट्याच्या टी पेशी भक्षकांपर्यंत जातात, पण त्यांचा इशारा थकलेला आहे. भट्टी पेटत नाही. जिवाणू आत वाढत जातात, इतके की भक्षक पेशी फुटते किंवा मरून तळ सोडते. मेलेल्या पेशी, आणि त्यांच्या पोटातून सुटलेले जिवाणू, मी पाच वेळा धुऊन बरणीत ओतले. जे उरले ते मोजले. धांदलीने दोनदाच धुतले, म्हणून तिच्या थरावर ते दिसले. निरोगी माणसाच्या पेशी तळाला धरून राहिल्या, म्हणून तिथे ठिपके दिसले. त्याच्याकडे धरून राहायला कुणी उरलेच नव्हते. जितका नाश अधिक, तितका माझा थर स्वच्छ.

धांदल शेजारी उभी होती. तिने माझ्यासाठी स्टूल ओढले.

तिथून उठून सरळ धाकट्याकडे गेले. न कळवता असे मी कधी गेले नव्हते.

दार भावजयीने उघडले आणि दारातच उभी राहिली. "ताई, आज मंगळवार," ती म्हणाली.

मी आत गेले. पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीशी आणलेला. खिडकीत दोरी, दोरीवर उकळलेल्या रुमालांची रांग. उकळूनही डाग गेलेले नव्हते. पलंगाखाली एनॅमलचे झाकणाचे भांडे. खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा सदरा टांगलेला, येत्या रविवारसाठी. भिंतीला टेकून दुसरी पाटी, नुसता निळा रंग दिलेली. त्यावर पेन्सिलीने "कृ" आखून सोडला होता.

धाकटा पलंगावर होता. त्याची मनगटे मी चार महिन्यांत पाहिली नव्हती. इस्त्रीच्या सदऱ्याला लांब बाह्या असतात.

"अगं, सांगायचं तरी," तो म्हणाला. मधे थांबला, श्वास घेतला. "अंथरुणाची घडी घातली असती."

मी भावजयीकडे वळले. "हे मला का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही यायच्या म्हटलं की पहाटेपासून आवरायचो," ती म्हणाली. "ते म्हणायचे, ताईला पसारा खपत नाही. तुम्ही गेलात की पुढचे दोन दिवस ते उठत नसत." मग ती आणखी हळू बोलली. "मार्चमध्ये सांगणार होते मी. तुम्ही इतक्या आनंदात होतात. मला वाटलं, काचेत दिसलंय म्हणजे मलाच कळत नसेल."

१४ जून

छातीच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे लावला. पेन्सिलीची गरज पडली नाही. आता डाव्या फुप्फुसातही आहे.

"मार्चमध्ये केलं असतं तर?" मी विचारले.

त्यांनी पेनला टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. "मार्चमध्ये शक्य होतं," ते म्हणाले. "जगले असतेच, असं मी म्हणत नाही."

हे शेवटचे वाक्य त्यांनी दयेपोटी जोडले. मला दया ओळखता येते, घेता येत नाही. त्यांनी कागदावर एक ओळ लिहून दिली: शस्त्रक्रिया शक्य नाही, त्रास कमी होईल असे पाहावे. अक्षर तेच होते. मला एका नजरेत लागले.

१८ जून

धांदलीला बोलावून सांगितले की तिची तिसरी खेप बरोबर होती आणि मी रद्द केलेली नोंद पुन्हा चढवली आहे.

"मी मुद्दाम केलं नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "खरंच बसच होती."

"माहीत आहे. म्हणूनच ते इतकं लागतं."

धाकट्याची पहिली पाटी मी मागून आणली आणि इनक्युबेटरच्या दारावर लावली. धांदल दोन पावले मागे जाऊन म्हणाली, "थोडी उतरतेय उजवीकडे."

"तशीच आहे ती," मी म्हणाले.

२७ जून

आता मी वाटेल त्या वारी जाते. मास्क लावून पलंगाशी बसते. भावजय पूर्वीसारखी दचकत नाही. काल तिने माझ्यासमोर खोलीतला केर तसाच कोपऱ्यात लोटून ठेवला. मी काही बोलले नाही. पाहिले मात्र.

आज धाकट्याने विचारले, "माझ्या पेशींचं काय गं?"

खोटे सांगण्याची मी तयारी करून गेले होते. वाक्यही बेतशीर घडवले होते.

"कामावर येतात," मी म्हणाले. "काम होत नाही."

"म्हणजे कचेरीतल्यासारख्या." हसताना त्याला खोकला आला, म्हणून त्याने हसणे आवरले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुझ्या काचेचं म्हणतेस की माझ्या छातीचं?"

"तुझं."

"फेब्रुवारीतच. पण मार्चमध्ये तू आलीस ना, तुझा चेहरा... शाळेत पहिला नंबर आला तेव्हासुद्धा तू तशी नव्हतीस." श्वास घेतला. "आणि सुरीची भीती मला होतीच. तू थांब म्हणालीस, बरं वाटलं. सगळं तुझ्या नावावर नको लिहूस. तुला सवय आहे सगळं स्वतःच्या नावावर घ्यायची."

मी त्याचे पांघरूण सारखे केले.

मग त्याला उबळ आली. भावजय धावत आली, भांडे पुढे धरले, पाठ चोळली. उबळ ओसरल्यावर ती सवयीने झाकण लावून, पदराआड घेऊन, भांडे उचलून निघाली. तोंड फिरवून, मला दिसू नये अशी.

"राहू दे," मी म्हणाले.

"ताई, धुऊन आणते. फार वाईट आहे."

"आत्ता नको धुऊ. आधी मला बघू दे."